अप्पांच्या सुरीचं म्यान

"आचारी, मांडीवर काय घेतलंय?" हवालदारानं विचारलं.

"टॉवेल," अप्पा म्हणाले.

"टॉवेल चावतो का?"

कराडहून पाटणला जाणारी एसटी. रस्त्यात म्हैस आडवी आली म्हणून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला होता, आणि अप्पांच्या मांडीवरच्या टॉवेलाच्या गुंडाळीतून त्यांची सुरी दोन बोटं बाहेर येऊन शेजारच्या हवालदाराच्या खाकी पँटीत शिरली होती. माणसाला नुसतं खरचटलं होतं, पण पँट मात्र गुडघ्यापासून वर वीतभर फाटली होती. पुढच्या नाक्यावर हवालदारसाहेबांना ड्युटीवर हजर व्हायचं होतं. शेवटी माझ्या पिशवीतला कोरा पंचा मी त्यांना दिला. डोक्यावर टोपी, अंगात गणवेश आणि कमरेखाली आमचा पंचा अशा थाटात ते एसटीतून उतरले. उतरता उतरता मला म्हणाले, "पोरा, म्हाताऱ्याच्या सुरीला एक कातड्याचं म्यान करून घे. नाहीतर पुढच्या खेपेला मला खुनाचा प्रयत्न लिहावा लागेल."

"कातड्याचं!" अप्पांनी तिथल्या तिथे कानाला हात लावले. "शिव शिव!"

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आज सुऱ्या-चाकूंची म्यानं करून करून माझ्या अंगठ्याला घट्टे पडलेत, पण तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

माझे वडील, अप्पा करंबेळकर, पंचक्रोशीतले नावाजलेले आचारी. लग्न, मुंज, श्राद्ध, काहीही असो, सोवळ्यातला स्वयंपाक म्हटला की अप्पा. रेशमी मुकटा नेसून चुलीपुढे उभे राहिले की चारशे पानं उठेपर्यंत पाणी प्यायचे नाहीत. त्यांची सुरी हुबळीच्या लोहाराकडून करून आणलेली होती. सुरण, फणस, लाल भोपळा, काहीही तिच्यापुढं लोण्यासारखं. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मी बारावीला दुसऱ्यांदा आपटलो होतो, त्यामुळं माझ्याकडे फक्त खोबरं किसायचं काम होतं.

हवालदाराच्या प्रकरणानंतर सुरीला घर शोधणं भाग पडलं. पुठ्ठ्याचं केलं, ते तिनं पहिल्याच दिवशी चिरलं. जाड कापडाचं शिवलं, त्याचीही तीच गत. मग सुतारानं लाकडी म्यान करून दिलं. पावसात ते असं फुगलं, की ओगलेवाडीच्या एका लग्नात अप्पा म्यानावर पाय देऊन दोन्ही हातांनी सुरी उपसत होते आणि वधूपिता दारातून बघत हात जोडून उभा होता.

तेव्हा मी ठरवलं. अप्पांना न सांगता कातड्याचं म्यान करून घ्यायचं आणि रेक्झिन म्हणून खपवायचं.

मंडईच्या मागं भागूअक्का सातपुते यांचं चपलांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर अक्कांनी एकटीनं चालवलेलं. साठीच्या घरातली बाई. तोंडात कायम दोऱ्याचं टोक, त्यामुळं बोलणं अर्धवट दातांतून यायचं. मी सगळी हकिकत सांगितली. हवालदाराच्या पंच्यापाशी त्यांनी दोरा तोंडातून काढून हसून घेतलं.

"तुझा बा सैपाक करताना काय नेसतो?"

"रेशमी मुकटा."

"म्हंजी किड्याचं चालतंय. म्हशीचं तेवढं चालत न्हाई."

अक्कांनी दोरा पुन्हा दातांत धरला.

"म्यान मी घडीभरात करीन," अक्का म्हणाल्या. "पन उद्या त्येला कळलं की म्हनंल, भागूनं बाटवला. त्यापरीस तू तुझ्या हातानं कर. मग बाटवलंच, तर बामनानं बामनाला बाटवलं. माझ्या दारात कोन यायचं न्हाई."

"मला येत नाही."

"मला तरी आईच्या पोटात कुठं येत हुतं?"

घरी सांगितलं की टायपिंगच्या क्लासला नाव घातलंय. अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी संध्याकाळी शिरा केला.

दुपारी दोन ते पाच, अप्पा वामकुक्षी घेत तेव्हा, मी अक्कांच्या दुकानात. पहिले पंधरा दिवस कातड्याच्या कपट्यांवर नुसती सरळ रेघ शिवायची. आधी आरीनं भोक पाडायचं, मग मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढायचा. माझी रेघ कृष्णेच्या पात्रासारखी वळणं घेत जायची. आरी कातड्यातून कमी आणि माझ्या बोटांतून जास्त जायची.

"बोटांना काय झालं रे?" एकदा जेवताना अप्पांनी विचारलं.

"टायपिंग," मी म्हणालो. "'क्ष'चं बटण फार टोकदार आहे."

"मग 'क्ष' नसलेले शब्द लिहीत जा," अप्पा काळजीनं म्हणाले.

पहिलं म्यान झालं तेव्हा मी मोठ्या दिमाखात अक्कांपुढं धरलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड कातडं, दुमडून एका कडेनं शिवलेलं. अक्कांनी दुकानातला भाजीचा चाकू घेतला आणि त्यात सरकवला. चाकूनं आतून सगळी शिवण कापत नेली आणि कडेतून तोंड बाहेर काढलं. म्यान पुस्तकासारखं उघडलं.

"धार शिवणीवरच येती," अक्का म्हणाल्या. "मधी कातड्याची एक पट्टी घालावी लागती. धार पट्टीवर घासती, दोरा वाचतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर इसारला असतास. आता मरस्तवर इसरनार न्हाईस."

खरंच विसरलो नाही. दुसऱ्या म्यानात पट्टी घातली, पण ते इतकं घट्ट झालं की चाकू आत जाईना. तिसऱ्यात गेला तो बाहेर येईना. चौथं मी उलट्या बाजूनं कापलं. "डावऱ्या आचाऱ्याला इक," अक्का म्हणाल्या. सातव्यापर्यंत शेजारचा भाजीवालाही रोज "आज काय झालं?" म्हणून विचारायला येऊ लागला.

"आता खरी सुरी आन," आठव्यानंतर अक्का म्हणाल्या. "कातडं ओलं करून सुरीवर बसवल्याबिगार आकार यायचा न्हाई. पन सुरीला आधी तेल लाव आनि तेलकट कागदात गुंडाळ. नुसत्या ओल्या कातड्यात लोखंड काळं पडतंय."

अप्पा दुपारी झोपताना सुरी टॉवेलात गुंडाळून उशाखाली ठेवत. मी श्वास रोखून ती काढून घेतली आणि टॉवेलात गुंडाळलेला कालथा तिच्या जागी सरकवला. अप्पांनी कूस बदलली आणि कालथ्यावर मायेनं हात ठेवला.

दुकानात पोचेपर्यंत घाईत मी तेलाचा कागद घरीच विसरलो होतो. अक्का ओट्यावर गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होत्या. मी मनाशी म्हटलं, तासाभरानं काय होतंय? ओलं कातडं सुरीवर दाबून बसवलं. आकार असा सुरेख आला की मीच माझी पाठ थोपटली. तासाभरानं सुरी काढली, तर पात्यावर काळेनिळे ढग उठलेले!

अक्कांनी सुरी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. "पळ. जागा व्हायच्या आत पळ."

संध्याकाळी घरात अप्पांचा आवाज चढला. "निळ्या! सुरीला हे काय झालं?"

"काल कच्ची केळी चिरली होतीत ना," मी म्हणालो. "केळीचा चीक फार वाईट."

"तीस वर्षं केळी चिरतोय," अप्पा राख घेऊन पातं घासत पुटपुटले. "हल्लीची केळीच हलकट झालीत."

अकरावं म्यान जमलं. आज त्याच्याहून चांगली शेकड्यांनी केली असतील, पण त्या अकराव्यासारखं एकही डोळ्यांपुढं येत नाही. टोकापाशी शिवण गोल वळते, तिथले सात टाके घालायला मला तीन दिवस लागले होते. कडा लाकडी दांडक्यानं घासून घासून काचेसारखी केली होती. अक्कांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, सुरीऐवजी आपलं बोट आत घालून बघितलं आणि परत दिलं. काहीच बोलल्या नाहीत. नावं ठेवायला काही सापडलं नाही म्हणजे अक्का गप्प बसायच्या.

वास घालवायला मी त्यावर दोन दिवस चंदन आणि कापूर चोळला.

"रेक्झिनचं आहे अप्पा. पुण्याहून मागवलं. क्लासातल्या एका मुलाच्या ओळखीनं."

अप्पांनी सुरी घातली, काढली, घातली. कमरेला बांधून पाहिलं. अंगणात दोन येरझाऱ्या घातल्या. त्यानंतरचे चार महिने ते ज्याला त्याला सांगत सुटले, "आमच्या निळूनं पुण्याहून आणवलं. विज्ञान बघा कुठं गेलंय!"

मे महिन्यात एका वकिलांकडे मुंज होती. साडेतीनशे पानं. मागच्या अंगणात चुली, मोठ्या कढईत जिलब्या, आमटीला नुकती फोडणी बसलेली. वकिलांच्या आत्या, बयोआत्या, सोवळं-ओवळं तपासत फिरत होत्या. पाण्याच्या घागरींपासून माझ्या नखांपर्यंत सगळं तपासून झालं आणि त्यांची नजर अप्पांच्या कमरेवर थांबली.

"अप्पा, हे काय लोंबतंय?"

"म्यान. रेक्झिनचं आहे. पुण्याचं."

आत्या जवळ आल्या. नाक पुढं केलं. "आमच्या ह्यांच्या बंदुकीला असंच होतं. हे चामडं आहे!"

"छे छे!" अप्पा हसले. "चामडं मी बाळगीन?"

"मग विस्तवावर धरा. रेक्झिन असेल तर वितळून गळेल, चामडं असेल तर आक्रसेल. होऊन जाऊ दे खरंखोटं."

वकील आले, वकिलांचे म्हातारे वडील आले, चार बायका पदर सावरत आल्या. मी खोबऱ्याची किसणी धरून उभा होतो, तो तसाच.

"धरतो की," अप्पा म्हणाले. माणसाचा माझ्यावर केवढा विश्वास! त्यांनी सुरी काढून पाटावर ठेवली, म्यान सांडशीत पकडलं आणि चुलीकडं वळले.

मला त्या वेळी काय काय सुचायला हवं होतं! आमटी सांडायची, चक्कर आल्याचं सोंग करायचं, "साप! साप!" म्हणून ओरडायचं. इतके महिने खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण मला दिसत होते फक्त टोकापाशी वळणारे ते सात टाके, आणि त्यांच्याकडं निघालेली ज्वाळा.

"अप्पा, नका!" मी किसणी टाकून झेप घेतली आणि सांडशीतून म्यान हिसकावलं. "चामडंच आहे! मी केलंय ते!"

अंगणात जिलबीच्या तुपाचा तेवढा आवाज राहिला.

अप्पांनी हात पुढं केला. मी म्यान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेले.

"हे वळणसुद्धा तूच घातलंस?"

"हो."

"टायपिंग?"

"नाही."

"अन्न बाटलं!" बयोआत्या ओरडल्या. "सगळं उचला! नदीला नेऊन टाका!"

अप्पांचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता हाताला येईल त्यानं मला बडवणार. पण त्यांनी सुरी पुसली, म्यानात घातली आणि म्यान पुन्हा कमरेला बांधलं.

"बाटलं खरं," ते म्हणाले. "पण आत्याबाई, नुसतं आजचं टाकून भागायचं नाही. हे माझ्या कमरेला चार महिने आहे. संक्रांतीनंतर तुमच्या धाकट्या भाच्याचा साखरपुडा मीच केला. रामनवमीचा प्रसाद मीच केला. आणि तुमच्या यजमानांचं श्राद्ध. त्या दिवशी वडे तुम्ही तीनदा मागून घेतलेत."

आत्या एक पाऊल मागं सरकल्या.

"तेव्हा प्रायश्चित्ताची यादीच करू. वकीलसाहेब, कागद आणा. मी नावं सांगतो."

वकिलांनी घाईघाईनं दोन्ही हात वर केले. "अप्पा, हळू बोला! निम्मं कराड निघेल त्या यादीत. त्यात जिल्हा न्यायाधीश आहेत."

"मला भूक लागलीय," वकिलांचे वडील म्हणाले. "यादी जेवल्यावर करा."

पानं मांडली गेली. बयोआत्यांनी आज आपण फक्त केळं खाणार असं जाहीर केलं. तिसऱ्या पंगतीच्या वेळी मी कोठीत द्रोण आणायला गेलो, तेव्हा त्या दाराआड उभ्या राहून जिलबी खात होत्या. मला बघून त्यांनी डोळे मोठे केले. मी द्रोण घेतले आणि आलो.

घरी आल्यावर अप्पा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. म्यान मात्र कमरेला होतं. नवव्या दिवशी दुपारी झोपायच्या वेळेला त्यांनी टोपी घातली.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या टायपिंगच्या क्लासात."

भागूअक्का चपलेचा तळ कापत होत्या. अप्पा दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले. अक्कांनी मान वर केली, पण उठल्या नाहीत.

"चपला करायच्यात? पाय द्या मापाला."

"चपला नकोत," अप्पा म्हणाले. "या कार्ट्याला तुम्ही शिकवलंत?"

"शिकवलं न्हाई. धा म्यानाचं कातडं वाया घालवू दिलं."

अप्पा घुटमळले. इतकी वर्षं याच रस्त्यानं मंडईत जात होते, पण त्या पायरीपाशी कधी थांबले नव्हते. "माझ्या आणखी आठ सुऱ्या आहेत," ते शेवटी म्हणाले.

"मग त्येला सांगा. मला हाय माझं काम."

"शिकवणीचं काय द्यायचं?"

अक्कांनी तोंडातला दोरा काढला आणि हातातलं हत्यार बाजूला ठेवलं.

"चाळीस वर्सं हितं बसत्ये मी. तुमच्या पंगतीतलं उरलेलं दोन-तीनदा माझ्याकडं आलं, मागल्या दारानं. गार हुतं. वास मातुर चांगला हुता. मला येकदा गरम खायाचंय, आचारी. येत्या बुधवारी नातीचं बारसं हाय. माझ्या अंगनात."

मी अप्पांकडं बघायचं धाडस केलं नाही. रस्त्यानं एक हातगाडी खडखडत गेली.

"किती पानं?" अप्पांनी विचारलं.

"साठ."

"जळण सुकं पाहिजे. ओलं असलं तर मी चूल पेटवत नाही."

बुधवारी अक्कांच्या अंगणात अप्पा मुकटा नेसून, कमरेला म्यान लावून उभे होते. साठ पानांसाठी त्यांनी साडेतीनशे पानांइतकं डोकं घातलं. जिलबीचा पाक दोनदा टाकून तिसऱ्यांदा केला. खोबरं किसायला अक्कांच्या सुना होत्या, त्यामुळं मला कामच नव्हतं. आमच्या दशम्या मात्र घरून बांधून आणलेल्या होत्या, कारण अप्पा बाहेर कोणाकडे काही खात नसत, स्वतः शिजवलेलंसुद्धा. चव न घेता नुसत्या वासावर मीठ घालायचे आणि ते कधी चुकायचं नाही.

पंगत बसली. पहिल्या पानावर भागूअक्का. नवं हिरवं लुगडं, दोन्ही हात मांडीवर. अप्पांनी स्वतः वाढलं. वाफाळता भात, त्यावर आमटी, वर तूप. सगळे अक्कांकडं बघत होते. अक्कांनी कालवलं, घास घेतला, सावकाश चावला, डोळे मिटले.

"आचारी."

"काय?"

"आमटीत मीठ कमी हाय."

अप्पांच्या आयुष्यात त्यांना हे कोणी म्हटलेलं नव्हतं. त्यांची पळी थांबली. त्यांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"शक्य नाही," ते म्हणाले.

"वासानं मीठ कळतंय व्हय? चाखून बगा."

अप्पा ताडकन अक्कांच्या शेजारच्या मोकळ्या पाटावर बसले. "निळ्या, पान मांड! वाढ मला!" मी वाढलं. त्यांनी रागारागानं भात कालवला आणि घास तोंडात टाकला.

"बरोबर आहे मीठ!"

"नीट बगा. येका घासात कळत न्हाई."

अप्पांनी दुसरा घास घेतला. मग आमटी नुसती प्यायली. मग भाजी, कारण आमटीत कमी वाटलं तर भाजीतही वाटेल असं ते म्हणाले. चौथ्या घासाला त्यांनी मान वर केली, तर शेजारी भागूअक्का पदर तोंडात कोंबून गदागदा हसत होत्या आणि त्यांच्यामागं अख्खी पंगत.

अप्पांनी आपल्या पानाकडं पाहिलं. अर्धं संपलं होतं.

"निळ्या," ते म्हणाले, "उभा काय राहिलास? जिलबी आण. दोन आण."